जनावर बुजते कशाने, आणि न मारता ते हलवावे कसे



कासार आंबोलीच्याच काय, साऱ्या मुळशीच्या भातखाचरांत आता चिखलणीला पॉवर टिलर दिसतो. बैलजोड्या कमी झाल्या, पण गोठे काही ओस पडले नाहीत. गाय आहे, म्हैस आहे, कालवडी आहेत. फरक एवढाच, की बैल दिवसभर माणसासोबत असायचा, त्याला हात, आवाज, कासरा सगळं ठाऊक. आजची कालवड दावणीलाच वाढते. परका माणूस तिला दिसतो तो लस टोचायला आलेला डॉक्टर. मग ती बुजली तर नवल काय? २०२२ साली लंपीची साथ आली आणि गावोगाव गाई-बैलांना लस टोचली गेली. तेव्हा कुणाच्या गोठ्यात किती ओढाताण झाली ते ज्याचं त्याला आठवत असेल.

आता बघा, गाईचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात. त्यामुळे मान न वळवता तिला जवळजवळ चहूकडचं दिसतं. दिसत नाही ते फक्त नेमकं पाठीमागचं. तुम्ही तिथून गुपचूप गेलात की लाथ बसणारच, आणि त्यात दोष जनावराचा नाही. बाजूने जावं, तोंडाने काहीतरी बोलत जावं, पहिला हात खांद्यावर ठेवावा.

खांदा ही ध्यानात ठेवण्यासारखी जागा आहे. खांद्याच्या मागे बाजूला उभे राहून एक पाऊल पुढे टाकलंत की गाय पुढे निघते. खांद्याच्या पुढे गेलात की थांबते किंवा मागे सरते. तिच्याभोवती एक अदृश्य कुंपणच असतं म्हणा ना. तुम्ही कुंपणात शिरलात की ती चालते, बाहेर आलात की थांबते. घरच्या गाईचं कुंपण हातभरही नसतं. रानात मोकळ्या चरणाऱ्या खोंडाचं मात्र बरंच मोठं. ती चालू लागली की लगेच मागे सरावं. पुढे गेलं की माणूस त्रास देत नाही, हे तिला त्यातूनच कळतं. नाहीतर आपण काय करतो? चालणाऱ्या जनावरालाही वर दोन रट्टे!

अमेरिकेतल्या टेम्पल ग्रँडिन या बाईंनी १९७० च्या दशकात गुरांच्या अरुंद वाटेत स्वतः वाकून उभं राहून पाहिलं, की जनावर नेमकं कशापाशी अडतं. लोंबणारी साखळी, चिखलातली चकाकी, उन्हातून एकदम अंधार, एवढ्याशा गोष्टी. तुमच्या गोठ्याच्या दारातही वाका आणि बघा. दारावर वाळत घातलेलं लुगडं नाहीतर फडफडणारा प्लॅस्टिकचा कागद दिसेल. तो काढा, मग शेपूट पिरगाळायची वेळच येणार नाही. पावसाळ्यात गोठ्याची फरशी निसरडी होते. एकदा घसरलेलं जनावर त्या जागी पुन्हा पाय टाकायला बघत नाही, म्हणून फरशीला खाचा पाडून घ्या.

दुधाचा हिशेब तर रोजचाच आहे. सड चोळले की पान्हा सुटतो, पण तो काही मिनिटंच टिकतो. त्या वेळी आरडाओरडा झाला, कुत्रं अंगावर आलं, की भीतीने पान्हा अडतो. दूध कासेतच राहतं, आणि ते वरचेवर राहिलं की कासदाहाला वाट मिळते. पान्हा चोरते म्हणून म्हशीला मारणं म्हणजे उरलंसुरलं दूधही घालवणं.

ज्यांच्याकडे बैल आहेत त्यांच्यासाठी एक सांगायचं राहिलं. कामाच्या जनावरांसाठी १९६५ साली सरकारी नियम झाले. त्यांत अणकुचीदार पराणीला मनाई आहे. दिवसाला ९ तासांपेक्षा जास्त आणि सलग ५ तासांपेक्षा जास्त काम घेता येत नाही.

लस टोचायची असेल तेव्हा एकटी कालवड ओढून आणू नका. ती कळपातलं जनावर आहे, एकटी पडली की घाबरते. एक जाणती, शांत गाय पुढे चालवा, कालवड तिच्या मागे येऊ द्या. आदल्या आठ दिवसांत रोज मूठभर पेंड त्याच खोड्यात चारलीत तर त्या दिवशी दोरी लावायलाही फारसं कुणी लागणार नाही.