परदेशस्थ ब्रिटिश निवृत्तिवेतनधारक

नोकरीचा वा व्यवसायाचा काळ मुख्यत्वे ब्रिटनमध्ये व्यतीत करून उतारवयात अन्य देशात स्थायिक झालेल्या आणि ब्रिटिश शासनाकडून किंवा तेथील खाजगी योजनांकडून निवृत्तिवेतन घेणाऱ्या व्यक्ती. ब्रिटिश राज्य निवृत्तिवेतन परदेशात घेणाऱ्यांची संख्या अकरा लाखांच्या आसपास आहे. ऑस्ट्रेलिया, कॅनडा, अमेरिकेची संयुक्त संस्थाने, आयर्लंड, स्पेन व फ्रान्स या देशांत त्यांची वस्ती विशेषेकरून आढळते. काहींना ऊबदार हवा व स्वस्त राहणी हवी असते, काही मुलानातवंडांजवळ राहू इच्छितात, तर काही आपल्या मूळ देशी परततात. अशा व्यक्तीला तीन प्रश्न एकाच वेळी सोडवावे लागतात : निवृत्तिवेतन किती व कसे मिळणार, त्यावर कर कोणत्या देशाला द्यावयाचा आणि नव्या देशात राहण्याचा परवाना कोणत्या अटींवर मिळणार. या तिन्ही बाबींत ‘निवास’ या शब्दाचा अर्थ वेगवेगळा लावला जातो, हेच या विषयातील गुंतागुंतीचे मूळ होय. अंशदानाने मिळवलेला हक्क सर्वत्र सारखा असला, तरी त्याचे उत्तरकालीन मूल्य पुष्कळदा निवृत्ताच्या पत्त्यावर ठरते.

ऐतिहासिक पार्श्वभूमी : ब्रिटनमधील पहिला वृद्धापकालीन निवृत्तिवेतन कायदा १९०८ मध्ये संमत झाला व १ जानेवारी १९०९ पासून अंमलात आला. त्यानुसार सत्तरी गाठलेल्या अल्प उत्पन्नाच्या वृद्धांना आठवड्याला जास्तीत जास्त पाच शिलिंग मिळत. ही रक्कम करांच्या उत्पन्नातून दिली जाई आणि तीसाठी देशातील वास्तव्याची अट होती. १९२५ च्या कायद्याने अंशदायी निवृत्तिवेतन सुरू झाले. बेव्हरिज अहवालातील (१९४२) शिफारशींना अनुसरून १९४६ चा राष्ट्रीय विमा कायदा करण्यात आला आणि ५ जुलै १९४८ पासून ही योजना सार्वत्रिक झाली. तेव्हापासून निवृत्तिवेतन हे गरजूला दिलेले साहाय्य नसून भरलेल्या अंशदानाचे फळ आहे, अशी समजूत जनमानसात रुजली. परदेशी राहणारी व्यक्ती प्रारंभी या लाभास अपात्र मानली जाई. १९५५ पासून निवृत्तिवेतन जगात कोठेही देण्याची मुभा मिळाली; मात्र त्यात वेळोवेळी होणारी वाढ सर्व देशांतील धारकांना लागू करण्यात आली नाही.

पात्रता व रक्कम : ६ एप्रिल २०१६ पासून निवृत्तिवयास पोहोचणाऱ्यांना ‘नवे राज्य निवृत्तिवेतन’ लागू झाले. त्यासाठी राष्ट्रीय विम्याची किमान दहा पात्र वर्षे लागतात. पूर्ण दरासाठी सर्वसाधारणपणे पस्तीस वर्षे आवश्यक असतात. २०२५–२६ या वर्षी पूर्ण दर आठवड्याला २३०·२५ पौंड होता. स्त्रियांचे साठ व पुरुषांचे पासष्ट हे पूर्वीचे निवृत्तिवय नोव्हेंबर २०१८ मध्ये समान झाले, ऑक्टोबर २०२० पर्यंत ते सहासष्टवर आले आणि २०२६ ते २०२८ या काळात ते टप्प्याटप्प्याने सदुसष्टवर न्यावयाचे ठरले. हा हक्क अंशदानावर अवलंबून असल्याने तो नागरिकत्वाशी निगडित नाही. ब्रिटनमध्ये पुरेशी वर्षे काम केलेल्या परदेशी नागरिकासही तो मिळतो. अपुरी वर्षे ऐच्छिक अंशदानाने भरून काढता येतात. तथापि २०२५ च्या अर्थसंकल्पात जाहीर झालेल्या निर्णयानुसार परदेशस्थांसाठी असलेली अल्प दराच्या अंशदानाची सवलत एप्रिल २०२६ पासून बंद व्हावयाची होती.

गोठलेले निवृत्तिवेतन : ब्रिटनमध्ये निवृत्तिवेतनाचा दर प्रतिवर्षी वाढतो. २०१० मध्ये जाहीर झालेल्या ‘तिहेरी हमी’नुसार वेतनमानातील वाढ, किंमतवाढ अथवा अडीच टक्के यांपैकी जो आकडा सर्वांत मोठा असेल, त्या प्रमाणात ही वाढ दिली जाते (२०२२–२३ या वर्षी वेतनमानाचा निकष तात्पुरता स्थगित होता). ही वाढ परदेशात सरसकट मिळत नाही. यूरोपीय संघाचे देश, नॉर्वे, आइसलँड, स्वित्झर्लंड व जिब्राल्टर आणि ज्या देशांशी झालेल्या परस्पर करारांत वाढीची तरतूद आहे असे देश (उदा., अमेरिकेची संयुक्त संस्थाने, फिलिपीन्स, जमेका, इझ्राएल, तुर्कस्तान, मॉरिशस) येथेच ती लागू आहे. ऑस्ट्रेलिया, कॅनडा, न्यूझीलंड, दक्षिण आफ्रिका, भारत, पाकिस्तान, थायलंड इ. देशांत निवृत्तिवेतन सुरू होतेवेळी किंवा धारक तेथे राहावयास गेला त्या वेळी जो दर असेल, त्यावरच ते गोठते. कॅनडा व न्यूझीलंड यांच्याशी ब्रिटनचे सामाजिक सुरक्षेसंबंधीचे करार आहेत. परंतु त्यांत वाढीचे कलम नाही.

या नियमाचा परिणाम वर्षागणिक तीव्र होत जातो. २००० साली पूर्ण मूळ निवृत्तिवेतन आठवड्याला ६७·५० पौंड होते. त्या वर्षी दक्षिण आफ्रिकेत निवृत्त झालेल्या व्यक्तीची ही रक्कम पुढील पंचवीस वर्षांत तेवढीच राहिली. तितकेच अंशदान भरून ब्रिटनमध्ये किंवा स्पेनमध्ये राहिलेल्या समवयस्काला २०२५–२६ मध्ये त्याच मूळ निवृत्तिवेतनापोटी १७६·४५ पौंड मिळत. म्हणजे पहिल्याच्या हाती दुसऱ्याच्या रकमेच्या दोन-पंचमांशाहूनही कमी पैसा येतो. वय वाढते, औषधपाण्याचा खर्च वाढतो आणि नेमक्या त्याच काळात उत्पन्नाची खरेदीशक्ती घटत जाते. नियमातील विसंगतीही लक्षणीय आहे. नायगारा धबधब्याच्या अमेरिकन काठावर राहणाऱ्या ब्रिटिश निवृत्ताला वाढ मिळते, समोरच्या कॅनडाच्या काठावरील निवृत्ताला मिळत नाही. धारक ब्रिटनमध्ये कायमचा परतल्यास त्याला चालू दर मिळू लागतो व अल्पकालीन भेटीच्या दिवसांपुरताही तो मागता येतो; परंतु परत जाताच जुना दर लागू होतो. या नियमाची झळ बसलेल्या धारकांची संख्या सु. साडेचार लाख असून त्यांपैकी निम्म्याच्या आसपास एकट्या ऑस्ट्रेलियात आहेत. याच धोरणाच्या निषेधार्थ ऑस्ट्रेलियाने ब्रिटनशी असलेला सामाजिक सुरक्षा करार १ मार्च २००१ पासून संपुष्टात आणला.

१९८९ मध्ये दक्षिण आफ्रिकेत स्थायिक झालेल्या अ‍ॅनेट कार्सन यांनी या भेदभावाविरुद्ध दाद मागितली. हाउस ऑफ लॉर्ड्सने २००५ मध्ये त्यांचे अपील बहुमताने फेटाळले. पुढे कार्सन व इतर बारा अर्जदारांचे प्रकरण यूरोपीय मानवी हक्क न्यायालयापुढे गेले. त्याच्या विस्तारित पीठाने १६ मार्च २०१० रोजी अकरा विरुद्ध सहा मतांनी ब्रिटिश शासनाच्या बाजूने निर्णय दिला. राष्ट्रीय विम्याचे अंशदान हे एखाद्या खाजगी विम्याच्या हप्त्यासारखे नसून सामाजिक कल्याणाच्या अनेक खर्चांसाठी वापरले जाते, तसेच वार्षिक वाढ ब्रिटनमधील किंमती व राहणीमान यांच्याशी निगडित असते. म्हणून परदेशस्थांची स्थिती देशात राहणाऱ्यांशी तुलनीय नाही, असा या निर्णयाचा आशय होता. वाढीवरील खर्चाचे कारण शासनानेही वारंवार पुढे केले आहे. धारकांच्या संघटनांचे म्हणणे असे, की परदेशस्थ वृद्धांच्या आरोग्यसेवेचा व अन्य साहाय्याचा भार बव्हंशी ब्रिटनवर पडत नाही आणि अमेरिकेत देय असणारी वाढ कॅनडात नाकारण्यास तत्त्वाचा आधार नाही. न्यायालयीन मार्ग अशा रीतीने खुंटल्यामुळे हा प्रश्न आता संसदेच्या कक्षेतील राहिला आहे.

करआकारणी : देश सोडला म्हणून करदायित्व आपोआप संपत नाही. ६ एप्रिल २०१३ पासून ब्रिटनमध्ये ‘वैधानिक निवास कसोटी’ लागू आहे. ६ एप्रिल ते ५ एप्रिल या करवर्षात १८३ किंवा अधिक दिवस ब्रिटनमध्ये राहणारी व्यक्ती निवासी ठरते. आधीच्या तीन करवर्षांत निवासी नसलेली व्यक्ती ४६ दिवसांपेक्षा कमी काळ राहिल्यास, तर नुकतीच देश सोडलेली व्यक्ती १६ दिवसांपेक्षा कमी काळ राहिल्यास निश्चितपणे अनिवासी ठरते. यांमधील स्थितीत घर, कुटुंब, काम व पूर्वीचे वास्तव्य हे संबंध विचारात घेतले जातात. स्पेनसारख्या देशात मात्र करवर्ष जानेवारी ते डिसेंबर असते. त्यामुळे स्थलांतराच्या वर्षी एकच व्यक्ती दोन्हीकडे निवासी गणली जाण्याचा संभव असतो.

अशा वेळी दुहेरी करआकारणी टाळण्याचे करार उपयोगी पडतात. त्यांतील सर्वसामान्य तत्त्व असे, की राज्य निवृत्तिवेतन व खाजगी निवृत्तिवेतन यांवर धारक राहत असलेला देश कर घेतो. मात्र सनदी सेवा, सैन्य, पोलीस यांसारख्या शासकीय सेवेबद्दलचे निवृत्तिवेतन सामान्यतः ब्रिटनमध्येच करपात्र राहते. प्रत्येक करारातील शब्दयोजना निराळी असल्याने मूळ कलम पाहणे आवश्यक ठरते. ब्रिटिश नागरिकाला अनिवासी असतानाही १२,५७० पौंडांची वार्षिक करमुक्त मर्यादा मिळते. परदेशी मालमत्तेचे विवरण न दिल्यासही अडचण उद्‌भवते. स्पेनमध्ये पन्नास हजार यूरोंहून अधिक परदेशी मत्तेची माहिती देणे बंधनकारक आहे. त्यातील चुकीबद्दलचा कठोर दंड यूरोपीय न्यायालयाने जानेवारी २०२२ मध्ये अवाजवी ठरवला. वारसा कराची कसोटी पूर्वी अधिवासावर आधारलेली होती. ६ एप्रिल २०२५ पासून ती दीर्घकालीन निवासावर आधारलेली असून मागील वीस करवर्षांपैकी दहा वर्षे ब्रिटनमध्ये राहिलेल्यांची परदेशी मालमत्ताही, देश सोडल्यानंतर आणखी तीन ते दहा वर्षे, या कराच्या कक्षेत राहू शकते.

खाजगी निवृत्तिनिधी : ब्रिटनमध्ये खाजगी निवृत्तिनिधीचा एक-चतुर्थांश भाग सामान्यतः करमुक्त एकरकमी घेता येतो. हीच रक्कम स्पेनमध्ये निवासी झाल्यानंतर घेतल्यास तेथे करपात्र ठरू शकते. म्हणून ती घेण्याची वेळ महत्त्वाची असते. २००६ पासून निधी मान्यताप्राप्त परदेशी योजनेत हलविण्याची सोय आहे. तिचा करचुकवेगिरीसाठी वापर होऊ लागल्याने मार्च २०१७ पासून, ठराविक अपवाद वगळता, अशा हस्तांतरावर २५ टक्के आकार बसविण्यात आला.

वास्तव्याचा परवाना : ब्रिटन यूरोपीय संघात असेतोवर ब्रिटिश निवृत्ताला संघातील देशांत स्थायिक होण्यासाठी व्हिसा लागत नसे. ३१ डिसेंबर २०२० रोजी संक्रमणकाळ संपला. त्यापूर्वी तेथे कायदेशीर रीत्या राहणाऱ्यांचे हक्क माघार कराराने राखले गेले. इतरांना मात्र शेंगेन क्षेत्रात कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवसच विनाव्हिसा राहता येते. परिणामी स्पेनमध्ये घर असूनही हिवाळाभर तेथे राहता येत नाही, अशी अनेकांची अवस्था झाली. स्पेनच्या अर्थार्जनविरहित निवासाच्या व्हिसासाठी अर्जदाराला २०२५ मध्ये दरमहा २,४०० यूरोंचे उत्पन्न दाखवावे लागे. पूर्ण राज्य निवृत्तिवेतन महिन्याला सु. एक हजार पौंड भरते. म्हणजे केवळ त्यावर जगणाऱ्याला हा मार्ग बंद होतो. पोर्तुगालच्या तत्सम व्हिसासाठी किमान वेतनाइतके (२०२५ मध्ये ८७० यूरो) उत्पन्न पुरेसे असे. थायलंडमध्ये पन्नास वर्षांवरील अर्जदाराला आठ लाख बात बँकेत ठेवावे लागतात किंवा दरमहा पासष्ट हजार बात उत्पन्न दाखवावे लागते व परवान्याचे वर्षाला नूतनीकरण करावे लागते. निवृत्तिवेतन गोठलेले असेल आणि पौंडाचा विनिमय दर घसरला, तर एके वर्षी पूर्ण झालेली अट पुढे कधीतरी अपुरी पडू शकते. निवृत्तिवेतन व परवाना हे प्रश्न येथे एकमेकांत गुंततात.

आरोग्य व कार्यपद्धती : ब्रिटनची राष्ट्रीय आरोग्यसेवा अंशदानावर नव्हे, तर वास्तव्यावर आधारलेली आहे. राज्य निवृत्तिवेतनधारकाला यूरोपीय संघाच्या देशांत ‘एस-१’ प्रमाणपत्रान्वये ब्रिटनच्या खर्चाने तेथील सार्वजनिक आरोग्यसेवा मिळते. इतरत्र बहुधा खाजगी विमाच काढावा लागतो आणि वयपरत्वे त्याचा हप्ता वाढतो. परदेशातील निवृत्तिवेतनाचे वाटप आंतरराष्ट्रीय निवृत्तिवेतन केंद्रामार्फत दर चार किंवा तेरा आठवड्यांनी होते. वेळोवेळी मागविला जाणारा हयातीचा दाखला साक्षांकित करून मुदतीत न पाठविल्यास वाटप थांबू शकते. पत्ता बदलल्याची वर्दी न दिल्याने दाखल्याचा नमुनाच हाती न पडणे, हे वाटप थांबण्याचे एक साधे, पण वृद्ध व एकाकी धारकाला अडचणीत आणणारे कारण आहे.

भारताशी संबंध : ब्रिटनच्या आरोग्यसेवेत व अन्य क्षेत्रांत आयुष्य वेचलेले भारतीय वंशाचे अनेक डॉक्टर व व्यावसायिक निवृत्तीनंतर भारतात परततात, त्यांत मराठी भाषकही आहेत. भारत हा गोठलेल्या निवृत्तिवेतनाच्या देशांपैकी असल्याने त्यांच्या राज्य निवृत्तिवेतनात वाढ होत नाही. ब्रिटिश नागरिकत्व घेतलेल्यांचे भारतीय नागरिकत्व संपुष्टात आलेले असते. मात्र परदेशस्थ भारतीय नागरिक (ओसीआय) म्हणून नोंदणी केल्यास त्यांना आजीवन व्हिसा मिळतो. या दर्जावर मतदान करता येत नाही वा शेतजमीन विकत घेता येत नाही. परतल्यानंतरची पहिली काही वर्षे ‘निवासी परंतु सर्वसाधारण निवासी नव्हे’ असा करदर्जा मिळू शकतो व त्या काळात परदेशी उत्पन्नावर सर्वसाधारणतः भारतात कर पडत नाही.

मतदानाचा हक्क : परदेशी जाऊन पंधरा वर्षे उलटली, की ब्रिटिश नागरिकाचा संसदीय निवडणुकीतील मताधिकार पूर्वी संपत असे. त्यामुळे ज्यांचे निवृत्तिवेतन सर्वांत दीर्घकाळ गोठलेले होते, नेमके त्यांनाच या धोरणावर मत देता येत नसे. २०२२ च्या निवडणूक कायद्याने ही मर्यादा रद्द केली आणि १६ जानेवारी २०२४ पासून ते पुन्हा मतदार म्हणून नोंदणी करू शकतात. गोठलेल्या निवृत्तिवेतनाचा नियम मात्र त्यानंतरही कायम राहिला.