पाचटाखालचा दगड आणि ट्रॅक्टरमागची पाती

ऊस तुटून गेला की रानात गुडघाभर पाचट पसरलेलं असतं. ते न जाळता ट्रॅक्टरमागच्या मल्चरने कुट्टी करायची आणि खोडव्यात जागेवरच कुजवायची, ही पद्धत पश्चिम महाराष्ट्रात आता चांगली रुळली आहे. द्राक्षबागांत छाटणीच्या काड्यांसाठी आणि संत्रा-मोसंबीच्या बागांत वाढलेल्या गवतासाठीही मल्चर किंवा रोटरी स्लॅशर फिरतात. जमिनीत सेंद्रिय कर्ब टिकवायचा तर हे व्हायलाच हवं. पण यंत्राबरोबर काही समजुतीही या बांधावरून त्या बांधावर गेल्या आहेत, आणि त्यातल्या काही डोळा, पाय किंवा जीव घेऊ शकतात. सगळ्यांच्या मुळाशी एकच गैरसमज आहे: पाती फिरतात तिथेच धोका असतो. पात्यांपासून लांब राहणं गरजेचं आहेच, पण पात्यांनी उडवलेली वस्तू कितीतरी लांब पोचते, आणि ती पाचटाखाली दडलेली असल्याने चालकाला आधी दिसतच नाही.

‘बारीकसारीक दगडांचा मल्चर भुगा करतो’

दगड फोडायची यंत्रं वेगळी, गवत आणि काड्या कापायची वेगळी. मल्चरची पाती मऊ, तंतुमय गोष्टींसाठी घडवलेली असतात. त्यांच्यापुढे काळा कातळ आला तर थोडा फुटतो आणि बाकीचा उडतो. किती वेगाने, याचा हिशोब कोणालाही करता येतो. ट्रॅक्टरचा पीटीओ साधारणपणे मिनिटाला ५४० फेरे फिरतो. पुढे गिअरबॉक्स हा वेग वाढवतो. पाच फुटी स्लॅशरची पाती मिनिटाला हजार फेरे घेत असतील, तर पात्याचं टोक सेकंदाला सुमारे ७८ मीटर, म्हणजे ताशी २८० किलोमीटरच्या आसपास धावतं. दगडाला हा सगळा वेग मिळतोच असं नाही. निम्मा मिळाला असं धरू. तरी लिंबाएवढा, शंभरेक ग्रॅमचा दगड ताशी १४० किलोमीटरने सुटतो. वेगवान गोलंदाजाचा चेंडू याच वेगाने येतो, आणि तो खेळणाऱ्याच्या डोक्यावर हेल्मेट आणि पायांना पॅड असतात. बांधावर उभ्या माणसाच्या अंगावर सदरा असतो.

‘दहा-वीस फूट लांब उभं राहिलं की झालं’

रोटरी कटरच्या अनेक माहितीपुस्तकांत यंत्र चालू असताना जवळपास कोणी नसावं म्हणून दिलेलं अंतर ३०० फुटांचं, म्हणजे ९० मीटरच्या आसपासचं असतं. आपल्याकडच्या एक-दोन एकरांच्या तुकड्यांत एवढं अंतर म्हणजे शेजाऱ्याचं शेत, पाणंद, कधी कधी वस्तीसुद्धा. वस्तू फक्त मागेच उडते हेही खरं नाही. आडवी पाती फिरणाऱ्या स्लॅशरमधून ती पुढे, मागे, दोन्ही बाजूंना जाऊ शकते. म्हणूनच यंत्राच्या पुढे-मागे साखळ्यांचा किंवा रबराचा पडदा दिलेला असतो. काड्या अडकतात म्हणून तो काढून ठेवलेली यंत्रं सर्रास दिसतात. पडदा सगळं अडवत नाही, पण बरंच अडवतो. तो काढलेलं यंत्र रस्त्याकडेच्या रानात चालवणं हा गुन्हा मानला पाहिजे, असं माझं स्पष्ट मत आहे.

आपले बहुतेक ट्रॅक्टर बिनकेबिनचे असतात, हेही लक्षात ठेवा. पुढे उडालेली वस्तू चालकाच्या पाठीत किंवा मानेत बसू शकते. मडगार्डवर बसलेल्या पोराला तर दुहेरी धोका. वस्तू लागण्याचा, आणि दगडाच्या धक्क्याने तोल जाऊन थेट मागच्या पात्यांपुढे पडण्याचा.

‘पाती झुलती आहेत, दगड लागला की मागे सरकतात’

हे अर्धं खरं आहे, आणि म्हणूनच जास्त घातक. पाती बोल्टवर सैल टांगलेली असतात. कठीण वस्तू लागली की ती मागे झुकतात आणि गिअरबॉक्सला बसणारा हिसका कमी होतो. ही सोय यंत्राच्या जिवासाठी आहे. पातं झुकलं तरी दगडाला टोला बसलेलाच असतो.

दर टोल्याबरोबर बोल्ट आणि त्याचं भोक झिजत जातं. यंत्र टेकूवर नीट उचलून, इंजिन बंद करून, किल्ली खिशात ठेवून एकदा खाली वाकून पाहा. नवीन असताना गोल असलेलं भोक लांबट झालेलं दिसतं. बोल्टच्या मानेला, पातं घासतं तिथे, खाच पडलेली असते. पात्याच्या धारेपेक्षा भोकाच्या कडा नीट तपासा. केसाएवढी बारीक चीर बहुधा तिथूनच सुरू होते. असं पातं एखाद्या दिवशी दगडाशिवायही सुटतं, आणि मग लिंबाएवढ्या दगडाऐवजी काही किलोचं पोलाद हवेत असतं.

तडा गेलेल्या पात्याला वेल्डिंग मारून घेणं हा त्याच्याही पुढचा प्रकार. हे पोलाद उष्णता देऊन, विझवून कडक केलेलं असतं. वेल्डिंगच्या तापाने जोडाजवळ तो गुण बिघडतो. काही भाग मऊ पडतो, काही ठिसूळ. दिसायला जोड पक्का वाटतो, पण तुटतो तो त्याच्या शेजारीच. पातं बदलायचंच, आणि समोरासमोरची जोडी एकदम बदलायची, नाहीतर वजन असमान होऊन सगळं यंत्र थरथरतं.

‘शिअर बोल्ट सारखा तुटतो, कडक बोल्ट घाला’

तो तुटण्यासाठीच असतो. दगड किंवा बुंधा अडकला की शाफ्टवरचा हा बोल्ट आधी तुटतो आणि गिअरबॉक्स, क्रॉस आणि ट्रॅक्टरचा पीटीओ वाचतात. डोक्यावर ८.८ कोरलेला बोल्ट ४.६ च्या बोल्टपेक्षा ताकदीने दुप्पट असतो. बोल्ट तुटायचा थांबला की त्याच्या पुढचं काहीतरी तुटतं. माहितीपुस्तकात दिलेल्या दर्जाचेच चार-पाच बोल्ट टूलबॉक्समध्ये ठेवा. आणि तो एका सकाळी दोनदा तुटला, तर बोल्टला दोष न देता रानात उतरून बघा.

‘आपलंच रान आहे, कुठे काय आहे ते पाठ आहे’

तोडणीच्या टोळीचा हरवलेला कोयता, धार लावायची कानस, दारूची बाटली, ट्रॉलीच्या हुकाची पिन, नांगराचा मोडका फाळ, ठिबकच्या नळीचे तुकडे, व्हॉल्व्हची पेटी, बांधावरून घरंगळलेला दगड, मोजणीचा खुणेचा दगड. हे सगळं पाचटाखाली सापडतं, आणि यातलं बरंच मागच्या हंगामानंतर आलेलं असतं. २०१९ आणि २०२१ च्या पुरांनी कृष्णा-पंचगंगेकाठच्या शेतांत काय काय आणून टाकलं, ते तिथल्या शेतकऱ्यांना ठाऊक आहे. शिवाय मल्चर बहुधा भाड्याचा असतो. चालकाने ते रान त्या दिवशीच पहिल्यांदा पाहिलेलं असतं. मालकाच्या डोक्यातला नकाशा त्याला कसा दिसणार?

‘तार काय, कापून जाते’

जुन्या कुंपणाची किंवा द्राक्षाच्या मांडवाची तार सहसा सरळ कापली जात नाही. ती रोटरला गुंडाळली जाते, ऑइल सीलमध्ये घुसते आणि गिअरबॉक्सचं तेल गळायला लागतं. मोकळं राहिलेलं टोक चाबकासारखं फिरतं. जी कापली जाते तिचे बोटभर तुकडे रानात पसरतात. पुढे त्याच रानातला चारा कापला की एखादा तुकडा गाईच्या पोटात जातो. गाय चारा नीट न चावता गिळते. तार जड असल्याने जाळीदार पोटात जाऊन बसते, आणि तिथून हृदय जेमतेम काही बोटांवर असतं. टोचून टोचून तार हृदयाच्या आवरणापर्यंत पोचली की जनावर वाचवणं फार अवघड होतं.

‘पीटीओ बंद केला म्हणजे पाती थांबली’

जड रोटर वजनाच्या जोरावर बराच वेळ फिरत राहतो. ट्रॅक्टरच्या आवाजात ते कळत नाही. दगडाचा ‘खाड्’ आवाज आला की घाईने उतरून मागे धावणं हीच सगळ्यात वाईट वेळ. पीटीओ बंद, यंत्र जमिनीवर, इंजिन बंद, किल्ली काढलेली, आणि पाती थांबल्याचं सीटवरूनच डोळ्यांनी पाहिलेलं, एवढं झाल्यावर उतरा. यंत्राखाली हात घालायचा तर फक्त हायड्रॉलिकच्या भरवशावर उचललेलं यंत्र नको, खाली भक्कम टेकू हवा.

वाळलेल्या पाचटात आगीचाही धोका असतो. पोलाद दगडावर आपटलं की ठिणगी पडते. कॅलिफोर्नियाचं अग्निशमन खातं, कॅल फायर, वाळलं गवत सकाळी दहाच्या आत कापा आणि वारा असेल तर कापूच नका, असं सांगतं. आपल्या फेब्रुवारी-मार्चच्या उन्हालाही हा सल्ला तितकाच लागू पडतो. ट्रॅक्टरवर पाण्याचा कॅन आणि बांधावर फवारणी पंप भरून ठेवायला काही खर्च येत नाही.

मल्चर लावायच्या आधी मालकाने आणि चालकाने मिळून सरीसरीने पायी फेरी मारावी. हातात काठी घेऊन पाचट उलथत जावं, निघेल ते बाहेर काढावं, निघणार नाही तिथे लाल फडकं बांधलेला बांबू रोवावा. भाडं एकरावर ठरलेलं असलं की चालकाला थांबणं परवडत नाही. तेव्हा या फेरीचे आणि मध्ये थांबून तपासण्याच्या वेळेचे पैसे वेगळे ठरवून त्याच्या हातात द्या.