दायित्व विमा : कोणती जोखीम कोणत्या पॉलिसीत?

आमच्या पंचकर्म कक्षाबाहेर सांडलेल्या तेलावरून रुग्णासोबत आलेले एक वृद्ध गृहस्थ घसरले व त्यांचे मनगट मोडले. आमच्याकडे प्रोफेशनल इंडेम्निटी पॉलिसी होती. परंतु ती चिकित्सेतील निष्काळजीपणाच्या दाव्यांपुरती असते, हे आम्हांस तेव्हा उमगले. भरपाई आम्हीच दिली.

वैद्यबंधूंनी व औषधविक्रेत्यांनी तीन जोखमी वेगळ्या ओळखाव्यात. आपल्या जागेत त्रयस्थास इजा झाल्यास पब्लिक लायबिलिटी विमा उपयोगी पडतो. दुकानदारांच्या एकत्रित पॉलिसीत हा विभाग ऐच्छिक असू शकतो; केवळ आग व चोरीचे संरक्षण घेतले असल्यास तो लाभ मिळत नाही.

दुसरी जोखीम चिकित्सेची. सशुल्क वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याच्या कक्षेत येते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली स्पष्ट केले. प्रोफेशनल इंडेम्निटीत दावा सामान्यतः पॉलिसी चालू असतानाच दाखल व्हावा लागतो. म्हणून नूतनीकरणात खंड पडू देऊ नये.

तिसरी जोखीम विकलेल्या औषधाची. सुटे चूर्ण आणून स्वतःच्या पुडीत, स्वतःच्या लेबलसह विकणाऱ्यांनी विशेष सावध असावे. वेष्टन वा लेबल यांवर भरीव नियंत्रण असलेला विक्रेताही २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार जबाबदार ठरू शकतो. त्यासाठी प्रॉडक्ट लायबिलिटी विमा असतो.

पॉलिसी घेताना प्रथम वगळलेल्या बाबी वाचाव्यात, भरपाईची कमाल मर्यादा पाहावी आणि घटना घडताच कंपनीस लेखी कळवावे. विमा घेतला तरी फरशी कोरडी ठेवण्याचे पथ्य सुटत नाही.