गुरूने शिष्यांचे पाय धुतले तेव्हा

उत्तम शुक्रवारच्या आदल्या संध्याकाळी, पवित्र गुरुवारी, कॅथलिक देवळांत एक विधी होतो. धर्मगुरू अंगावरचे उपासनेचे वरचे वस्त्र उतरवतात, कमरेला पंचा बांधतात आणि मंडळीतल्या साधारण बारा जणांपुढे वाकून प्रत्येकाचे पाय धुतात व पुसतात. प्रोटेस्टंट मंडळ्यांत त्या संध्याकाळी बहुतेक ठिकाणी प्रभुभोजन असते आणि उपदेशाचा विषय येशूने शिष्यांचे पाय धुतल्याचा प्रसंग असतो. नम्र सेवा आणि परस्परांवरची प्रीती या ख्रिस्ती शिकवणुकीचा गाभा या एका कृतीत सामावला आहे. सोलापूर आणि आसपासच्या मराठी मुलखात गेल्या दीडशे वर्षांत ही शिकवण दवाखान्यांत, अनाथालयांत, शाळांत आणि मंडळीच्या पंगतीत अनेकदा कसाला लागली.

प्रसंग आणि त्याचा अर्थ

ही कथा नव्या करारातील चार शुभवर्तमानांपैकी फक्त योहानाच्या शुभवर्तमानात, तेराव्या अध्यायात येते. बाकीचे तिघे शुभवर्तमानकार येशूच्या शेवटच्या भोजनातील भाकर आणि द्राक्षारस यांची हकीकत सांगतात. योहान त्या जागी पाय धुण्याचा प्रसंग सांगतो. काळ वल्हांडण सणाच्या तोंडावरचा आहे. त्या काळच्या पॅलेस्टाइनमध्ये रस्ते धुळीचे आणि पायांत उघड्या वहाणा. घरी आलेल्या पाहुण्याचे पाय धुणे हे घरातल्या दासाचे काम असे, तेही सर्वांत खालच्या. लूकच्या शुभवर्तमानानुसार याच भोजनाच्या वेळी आपल्यात मोठा कोण यावर शिष्यांचा वाद झाला होता. योहानाच्या कथेत येशू भोजनावरून उठतो, रुमाल कमरेला बांधतो, गंगाळात पाणी ओततो आणि शिष्यांचे पाय धुऊ लागतो.

या प्रसंगातून ख्रिस्ती चिंतनाने मुख्यतः तीन गोष्टी घेतल्या. पहिली सेवकाच्या जागेविषयी आहे. येशू आपले गुरुपण नाकारत नाही. आपण गुरू आणि प्रभू आहोत हे तो स्पष्ट सांगतो आणि गुरूने हे केले म्हणून शिष्यांनीही एकमेकांसाठी करावे, असा निष्कर्ष काढतो. अधिकार आहे तो खाली वाकण्यासाठी, हा त्याचा आशय. दुसरी गोष्ट पात्रतेची. पाय धुतले गेले त्यांत यहूदा इस्कर्योतही होता. येशूला त्याच्या मनातला दगा ठाऊक होता असे योहान सांगतो, तरी यहूदाला वगळलेले नाही. सेवा समोरच्याची लायकी पाहून होत नाही, हा धडा मंडळ्यांत येथूनच दिला जातो. तिसरी गोष्ट पेत्राच्या नकाराची आहे. गुरूने आपले पाय धुवावेत हे त्याला सहन होत नाही. येशू त्याला बजावतो की हे स्वीकारले नाहीस तर माझ्याशी तुझा वाटा उरत नाही. सेवा करण्याइतकीच ती स्वीकारण्यालाही नम्रता लागते. नेहमी देणाऱ्याच्या जागी राहणे हाही मानाचाच एक प्रकार असू शकतो.

त्याच रात्री, यहूदा निघून गेल्यावर, येशू शिष्यांना नवी आज्ञा देतो. आपण त्यांच्यावर केली तशी प्रीती त्यांनी एकमेकांवर करावी आणि त्यावरूनच लोकांनी त्यांना त्याचे शिष्य म्हणून ओळखावे. शेजाऱ्यावर प्रीती करण्याची आज्ञा यहुदी धर्मशास्त्रात आधीपासून होती. येथे नवे आहे ते माप. पुढे पौलाने फिलिप्पै येथील मंडळीला लिहिलेल्या पत्रात ख्रिस्ताने स्वतःला रिते करून दासाचे रूप घेतल्याचे सांगितले आणि मंडळीनेही एकमेकांशी तसेच वागावे असे सुचवले. मत्तयाच्या शुभवर्तमानातील अखेरच्या न्यायाच्या दृश्यात भुकेला, तहानलेला, परका, उघडा, आजारी आणि बंदिवान यांच्यासाठी केलेले काम ख्रिस्तासाठीच केलेले मानले आहे. चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्यात जखमी वाटसरूला मदत करणारा माणूस ऐकणाऱ्यांच्या दृष्टीने तुच्छ जमातीतला आहे. प्रीती म्हणजे मनातली ऊब एवढ्यावर ही शिकवण थांबत नाही. ती हातांनी करायची गोष्ट आहे, आणि ती जातीगोतापाशी अडू नये.

मराठी मुलखातली भूमी

येशूचे चरित्र मराठीत प्रथम विस्ताराने आले ते गोव्यात. थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेज्वीट धर्मगुरूचे ओवीबद्ध 'क्रिस्तपुराण' १६१६ साली छापले गेले. देशावर प्रोटेस्टंट काम नंतरचे. अमेरिकन मराठी मिशन १८१३ साली मुंबईत सुरू झाले, १८३१ साली अहमदनगरला (आजचे अहिल्यानगर) पोहोचले आणि १८६० च्या दशकात सोलापुरात आले. मुंबईहून येणारी रेल्वे १८६० साली सोलापूरपर्यंत पोहोचली होती.

सोलापूरला सेवेची कल्पना नवखी नव्हती. बाराव्या शतकातील सिद्धरामेश्वरांनी लोकांच्या श्रमातून तलाव खोदवला, ही शहराची मोठी आठवण आहे. ते ज्या लिंगायत शरणांच्या परंपरेतले, तिच्यात कायक म्हणजे श्रम आणि दासोह म्हणजे आपले श्रमफळ समाजापुढे ठेवणे, ही दोन मूल्ये मध्यवर्ती होती. याच जिल्ह्यातील पंढरपुरात वारकरी वयाचा वा मानाचा विचार न करता एकमेकांच्या पाया पडतात. त्यामुळे पाय धुणाऱ्या गुरूची कथा ऐकणाऱ्यांना त्यातला भाव समजायला फार अवघड गेले नसावे. अडचण दुसरीकडे होती. कोणी कोणाला शिवायचे, कोणाच्या हातचे पाणी प्यायचे, हे गावगाड्यात ठरलेले होते. पाय धुवायचे म्हणजे शिवायचे.

म्हणून मंडळीतली पहिली कसोटी प्रभुभोजनाची ठरली. अमेरिकन मराठी मिशनच्या मंडळ्यांत बहुसंख्य माणसे महार आणि मांग समाजातून आली आणि थोडी ब्राह्मण व इतर जातींतून. एकाच भाकरीचा तुकडा आणि एकाच प्याल्यातला घोट घेणे हे त्या काळी सगळ्या उपदेशांहून ठाशीव विधान होते. जातीच्या खुणा मात्र एका विधीने पुसल्या गेल्या नाहीत. सोयरिकी जुळवताना जुनी जात पाहण्याची रीत पुढेही टिकली. ख्रिस्ती मंडळींतील दलितांचे प्रश्न आजही त्या अपुऱ्या कामाची साक्ष देतात.

दुष्काळ, अनाथ आणि कुष्ठरुग्ण

सोलापूर जिल्हा पर्जन्यछायेतला. १८७६-७८ चा, १८९६-९७ चा आणि १८९९-१९०० चा असे तीन मोठे दुष्काळ पाव शतकात या भागावर कोसळले. सरकारने खडी फोडण्याची, रस्त्यांची आणि तलावांची कामे काढली. पण काम करू न शकणारे, आणि आईबाप गमावलेली मुले, यांची सोय त्या कामांवर होत नव्हती. सोलापूरच्या मिशनने या मुलांना सांभाळले. लॉरिन गेट्स हे पाद्री कित्येक दशके सोलापुरात होते. मुलींसाठी वोरोनोको शाळा चालली आणि एस्तर फाउलर यांनी तिथे दीर्घकाळ काम केले. मेरी हार्डिंग यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बालवर्ग आणि बालवर्गाच्या शिक्षिका घडवणारे वर्ग चालवले. खालच्या मानल्या गेलेल्या घरांतल्या मुली पुढे स्वतः शिक्षिका झाल्या. सेवा घेणारी माणसे सेवा देणारी होणे हे या कामाचे खरे फळ.

सोलापुरात डॉ. केसकर दांपत्याने दुष्काळातील अनाथ मुले आणि कुष्ठरुग्ण यांच्यासाठी काम उभारले. शुभवर्तमानांत येशू कुष्ठरुग्णाला हात लावून बरा करतो. स्पर्श न करताही त्याने इतरांना बरे केल्याच्या कथा आहेत, म्हणून हा स्पर्श वाचकांच्या नजरेत भरतो. कुष्ठरोगात मज्जातंतूंना इजा होऊन हातपाय बधिर होतात. पायात काटा रुतला, वहाण घासली, चटका बसला तरी रुग्णाला कळत नाही. जखम चिघळते, संसर्ग हाडापर्यंत पोहोचतो आणि बोटे झिजून आखूड होतात. डॅप्सोन हे औषध १९४० च्या दशकात वापरात आले आणि बहुऔषधोपचार १९८० च्या दशकात. त्यापूर्वी हातात भरवशाचा उपाय होता तो रोजच्या शुश्रूषेचा: पाय पाण्यात भिजवायचे, धुवायचे, कडक झालेली कातडी घासून काढायची, तेल लावायचे, जखम बांधायची. औषधे आल्यानंतरही बधिर पायांची ही निगा चुकत नाही. पवित्र गुरुवारचा विधी या कामात अक्षरशः दिनक्रम होऊन बसला.

कुंपणातली सेवा

सेवेत सत्ता मिसळली की काय होते, याचे उदाहरणही सोलापुरातच आहे. १८७१ च्या आणि १९११ च्या सुधारित गुन्हेगार जमाती कायद्याने काही जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवले. मुंबई इलाख्यात त्यांच्यासाठी कुंपणाच्या वसाहती उभ्या राहिल्या, त्यांतली मोठी वसाहत सोलापूरची. कैकाडी, पारधी, भामटे, कंजारभाट अशा अनेक जमातींची कुटुंबे तिथे ठेवली गेली. त्यांना हजेरी द्यावी लागे, परवान्याशिवाय बाहेर पडता येत नसे, आणि त्यांतले अनेकजण कापड गिरण्यांत कामाला जात. काही वर्षे या वसाहतीची व्यवस्था अमेरिकन मराठी मिशनकडे होती. मिशनने शाळा काढल्या, आजाऱ्यांची काळजी घेतली, हातांना काम दिले. पण ज्याला दार उघडून जाता येत नाही त्याच्यासाठी केलेली सेवा आणि त्याच्यावर ठेवलेली नजर यांची सरहद्द पुसट होते. योहानाच्या कथेतला यहूदा उठून निघून जातो आणि त्याला कोणी अडवत नाही. त्या मापाने पाहिले तर ही सेवा अर्धवट होती. कायदा रद्द झाल्यावर ३१ ऑगस्ट १९५२ रोजी या जमाती विमुक्त झाल्या. सोलापुरातला तो भाग आजही सेटलमेंट म्हणूनच ओळखला जातो.

धर्मांतराचा आक्षेपही याच प्रश्नाशी जोडलेला आहे. दुष्काळात पोटासाठी आलेल्याला धर्म सांगणे ही सेवा की सौदा, असे त्या काळीच विचारले गेले. पंडिता रमाबाईंच्या पुण्यातील शारदासदनातील मुलींवर ख्रिस्ती धर्माचा प्रभाव पडतो या आरोपावरून १८९३ साली अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. परतफेडीची अट न ठेवता सेवा करावी, ही खुद्द शुभवर्तमानांची शिकवण. त्यामुळे हा आक्षेप ख्रिस्ती माणसांनाही टाळता येत नाही.

केडगाव आणि मिरज

रमाबाईंचे पुढचे काम सोलापूर-पुणे रेल्वेमार्गावरील केडगावला झाले. १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून निराधार मुली व विधवा आणल्या, १९०० च्या सुमारास गुजरातेतून. केडगावच्या मुक्तिसदनात तेव्हा सुमारे दीड हजार जणी राहत होत्या. स्वयंपाक, विणकाम, शेती, छपाई ही कामे त्याच करत. समाजाने टाकलेल्या स्त्रियांसाठी कृपासदन होते आणि आंधळ्यांचीही वेगळी सोय होती. रमाबाईंनी साध्या मराठीत बायबलचे भाषांतर केले आणि ते पुरे होत आले असताना ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचे निधन झाले. ब्राह्मण घरातली ही विदुषी टाकलेल्यांच्या घरातली होऊन राहिली, हे तिच्या भाषांतराइतकेच बोलके आहे.

मिरजेत डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ साली रुग्णालय सुरू केले. पंढरपूरहून मिरजेपर्यंत बार्शी लाइट रेल्वे १९२७ साली पोहोचली आणि सोलापूर जिल्ह्यातील रुग्णांना ही वाट सोपी झाली. रुग्णाचे मलमूत्र काढणे, जखमा धुणे, परक्या अंगाला हात लावणे हे काम त्या काळी विटाळाचे गणले जाई आणि प्रतिष्ठित घरांतल्या मुली ते पत्करत नसत. मिशनच्या शाळांत वाढलेल्या अनेक ख्रिस्ती मुलींनी ते पत्करले, शिकून केले, आणि परिचारिकेच्या कामाला शिक्षणाची व पगाराची प्रतिष्ठा येत गेली. दासाचे काम कौशल्याचे काम झाले.

भक्ती आणि आजचा आचार

या शिकवणीला मराठी भक्तीचा सूर दिला तो नारायण वामन टिळकांनी. १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेले हे कवी तुकारामांच्या वाटेने आपण ख्रिस्ताकडे आलो असे सांगत. त्यांचे अभंग मराठी उपासनेत आजही गायले जातात. १९१७ साली त्यांनी मिशनचे पगारी काम सोडले आणि साताऱ्यात 'देवाचा दरबार' सुरू केला. बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले, दोघांनाही त्यात जागा होती. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रे' या आत्मचरित्रात घरातला सोवळेपणा कसा हळूहळू गळून पडला, हे प्रामाणिकपणे आणि हसतखेळत आले आहे. नम्रता एका रात्रीत येत नाही, हे त्या पुस्तकातून जितके कळते तितके क्वचितच एखाद्या उपदेशातून कळते.

पाय धुण्याच्या विधीचे रूपही बदलत गेले. पायस बाराव्या पोपांनी १९५५ साली तो गुरुवारच्या सायंकाळच्या उपासनेत आणला. पोप फ्रान्सिस यांनी २०१३ साली रोममधील अल्पवयीनांच्या तुरुंगात जाऊन पाय धुतले, त्यांत मुलीही होत्या आणि मुस्लिमही. जानेवारी २०१६ मध्ये स्त्रियांना या विधीत बसवण्याची मुभा नियमाने मिळाली.

मंडळीतल्या रोजच्या जीवनात या शिकवणीचे रूप साधेच असते: आजाऱ्याच्या घरी जाऊन प्रार्थना करणे आणि जेवणाचा डबा पोचवणे, मयताच्या घरी मदतीला उभे राहणे, तुटलेले बोलणे प्रभुभोजनाआधी पुन्हा सुरू करणे, पाळकानेही उपासनेनंतर सतरंज्या उचलणे. अशा कामाची पारख तीन प्रश्नांनी करता येते. मदत करणारा समोरच्याच्या पातळीवर आला का? समोरच्याला नाही म्हणण्याची मोकळीक होती का? आणि जो आज घेतो आहे त्याला उद्या देण्याची संधी मिळेल का? योहानाच्या कथेत या तिन्हींची उत्तरे सापडतात: गुरू खाली बसतो, यहूदा जाऊ शकतो, आणि ज्यांचे पाय धुतले गेले त्यांनाच पुढे एकमेकांचे पाय धुवायला सांगितले जाते.