कागद आधी फाडू द्या

तीन वर्षांच्या मुलाच्या हाती जुनं वर्तमानपत्र लागलं की ते आधी टराटरा फाडतं. घरच्यांना तो पसारा वाटतो; बालवाडीच्या ताईंच्या लेखी मात्र कागदकाम तिथूनच सुरू होतं. फाडताना चिमूट घट्ट धरावी लागते, दोन्ही हात विरुद्ध दिशांना न्यावे लागतात. पुढे बटण लावताना, पेन्सिल धरताना हीच चिमूट कामी येते. एक शोधही लागतो. वर्तमानपत्र उभं फाडलं तर बऱ्यापैकी सरळ पट्टी निघते, आडवं फाडलं तर वेडंवाकडं जातं. कागद बनताना त्यातले तंतू बहुतेक एकाच दिशेने बसतात, त्याचा हा परिणाम.

मग चुरगळणं, चिकटवणं, बोथट टोकाची कात्री आणि पाच-सहाव्या वर्षाच्या सुमारास नीटस घडी. मुलागणिक हे मागेपुढे होतंच.

जर्मनीत फ्रेडरिक फ्रोबेल यांनी १८४० साली आपल्या बालशाळेला ‘किंडरगार्टन’ हे नाव दिलं. त्यांच्या शिक्षणपद्धतीत कागद दुमडणं, कापणं, पट्ट्या विणणं याला मानाचं स्थान होतं. त्यातल्या घडीकामावरूनच टी. सुंदर राव यांना कल्पना सुचली आणि १८९३ मध्ये मद्रासला निव्वळ घड्यांतून भूमिती मांडणारं त्यांचं इंग्रजी पुस्तक निघालं. पुण्यात ‘आयुका’ या खगोलशास्त्र संस्थेच्या मुलांसाठीच्या विज्ञान केंद्रात अरविंद गुप्तांनी रद्दीतून टोप्या आणि खेळणी करायला शिकवलं.

टोपीचंच बघा. कागद निम्मा दुमडला, घडीकडची दोन्ही टोकं मध्यावर आणली, खालच्या पट्ट्या दोन्हीकडून वर घेतल्या की झाली टोपी. तीच उघडून आडवी चपटी केली की चौकोन होतो आणि आणखी थोड्या घड्यांत होडी! अर्धा, पाव, काटकोन हे सगळं बोटांखालून जातं.

हल्ली तयार संच मिळतात. तुकडे आधीच कापलेले, मुलाने फक्त चिकटवायचे. मग वर्गाच्या भिंतीवर तीस सारखी फुलपाखरं लागतात. त्यापेक्षा टोपी हातात देऊन ‘आता हिचं काय करशील?’ असं विचारलं, तर कुणी चोच काढतं, कुणी पाकीट करतं.

चिकटवायला मैद्याची खळ पुरते. कीड लागू नये म्हणून पूर्वी तिच्यात मोरचूद घालत. ते विषारी असल्याने मुलांसाठी वर्ज्य. मोरचूद नसेल तर खळ लवकर आंबते, म्हणून लागेल तेवढीच शिजवावी.