एका ट्यूबवर सारे घर

पाऊस लागला की महाड-पोलादपूरकडच्या घरांत ओटीवर आणि माळ्यावर दोऱ्या बांधल्या जातात. कपडे दोन-दोन दिवस सुकत नाहीत. दमट कपडे तसेच अंगात घालून मुले शाळेत जातात, माणसे लावणीला नाहीतर एमआयडीसीत कामाला जातात. मग जांघेत, कमरेला, काखेत खाज सुरू होते. कडेने लाल, मधे फिकट अशी गोल चकती उमटते. हा नायटा. जागा अशी की सांगायची लाज वाटते. मग कोणीतरी बाजारातून एक ट्यूब घेऊन येतो.

आमच्या घरी हेच झाले. मोठ्या भावाने औषधाच्या दुकानातून, चिठ्ठीशिवाय, ट्यूब आणली. दोन दिवसांत खाज थांबली. मग तीच ट्यूब भाभीने लावली, अम्मीने लावली, मुलांना लावली. लग्नाला आलेल्या पुतणीने गालावरच्या डागालाही लावली. चेहरा उजळल्यासारखा दिसला म्हणून रोज लावत राहिली. काही महिन्यांत गाल लालभडक झाले, पुळ्या आल्या, बारीक लव वाढली, ऊन सोसेना. मुलगी बघायला येणाऱ्या पाहुण्यांना आम्ही ‘नंतर या’ असा निरोप धाडला. इकडे नायटा घरभर पसरला होता. त्वचारोगतज्ज्ञांनी आधी ट्यूबवरची बारीक अक्षरे वाचली. त्यात क्लोबेटासोल होते.

क्लोबेटासोल, बीटामेथासोन, मोमेटासोन ही स्टेरॉइडे आहेत. योग्य रोगाला, डॉक्टरांच्या देखरेखीखाली, ती उपयोगाची असतात. पण नायटा बुरशीमुळे होतो. स्टेरॉइड बुरशी मारत नाही, बुरशीशी झगडणाऱ्या कातडीला गप्प करते. म्हणून खाज आणि लाली जाते, रोग मात्र आत पसरत राहतो. चकतीची कडाही पुसट होते, त्यामुळे पुढे डॉक्टरांनाही तो ओळखणे अवघड जाते. जांघेतली कातडी पातळ होऊन पडणारे पांढुरके चरे तर कायमचे राहतात.

हे केवळ आमच्या घरचे रडगाणे नाही. देशातल्या 12 त्वचारोग केंद्रांनी चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेले 2926 रुग्ण तपासले आणि 2011 साली निष्कर्ष छापले. त्यांतले 433 जण चेहऱ्याला स्टेरॉइड लावत होते. निम्म्याहून अधिक जणांना ते डॉक्टर नसलेल्या कोणीतरी सुचवले होते. मार्च 2018 मध्ये केंद्र सरकारने अशी 14 स्टेरॉइड मलमे चिठ्ठीशिवाय विकू नयेत असा नियम केला.

दुसरी अडचण बुरशीचीच आहे. आपल्याकडे आता पसरलेल्या बुरशीला 2020 मध्ये जपानी संशोधकांनी ‘ट्रायकोफायटन इंडोटिनी’ असे नाव दिले. टर्बिनाफिन या नेहमीच्या औषधाला ती पुष्कळदा दाद देत नाही. वाराणसीच्या बनारस हिंदू विद्यापीठात 200 रुग्णांचे चार गट करून चार वेगवेगळ्या गोळ्या देण्यात आल्या. आठ आठवड्यांनी इट्राकोनाझोल घेणाऱ्या 50 पैकी 33 जण बरे झाले होते, टर्बिनाफिन घेणाऱ्या 50 पैकी फक्त 14. म्हणजे सर्वांत चांगल्या गोळीलाही दोन महिन्यांत तिघांपैकी एकाचा रोग हटला नाही. मग दोन दिवसांत ‘बरे’ करणाऱ्या ट्यूबवर विश्वास कसा ठेवायचा?

औषध खरेच लागू पडते का, हे असे रुग्ण मोजूनच कळते. महाडकरांना हे नवे नाही. विंचूदंशावर प्राझोसिन देण्याचे डॉ. हिम्मतराव बावस्कर यांचे काम याच गावात, रुग्णांच्या खाटेजवळ उभे राहिले.

आता करायचे काय? घरातली ट्यूब पाहा आणि वरच्या नावांपैकी एखादे दिसले तर ती डॉक्टरांकडे घेऊन जा. चेहऱ्याला बरेच दिवस लावत असाल तर एकदम बंद करू नका. सुरुवातीला त्रास उसळतो, म्हणून बंद कसे करायचे हेही त्यांनाच विचारा. नायट्याची शंका असेल तर कातडीचा कोंडा खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहता येतो. गोळ्या सांगितल्या तितके आठवडे घ्या. गरोदरपण, मधुमेह किंवा इतर औषधे चालू असतील तर आधी सांगा. घरात ज्यांना ज्यांना खाज आहे त्या सर्वांचा उपचार एकाच वेळी व्हावा, नाहीतर रोग एकाकडून दुसऱ्याकडे फिरत राहतो. आणि चट्ट्यावर स्पर्शच कळत नसेल तर कुष्ठरोगाची तपासणी करून घ्या. त्याचे औषध सरकारी दवाखान्यात मोफत मिळते.

तहारतीची आपण एवढी काळजी घेतो, पण वुजूनंतर सारे घर एकाच टॉवेलला हातपाय पुसते. टॉवेल प्रत्येकाचा वेगळा हवा. बोटांच्या बेचक्या कोरड्या कराव्यात. आतले कपडे पूर्ण सुकवून, जमल्यास इस्त्री करून घालावेत.

आमच्या घरचा नायटा जायला चार महिने लागले. पुतणीचा चेहरा अजून पूर्ण निवळलेला नाही, पण ती आता तोंड झाकून बसत नाही. पाहुण्यांना आम्ही खरे कारण सांगितले. ते म्हणाले, “पोरीला आधी बरी होऊ द्या, आम्ही थांबतो.”