संकेतशब्द : आपल्या पुंजीची किल्ली

परभणी जिल्ह्यातील जिंतूर, गंगाखेड, पाथरी येथून रुग्णास घेऊन येणारे नातेवाईक आता देयके मोबाइलवरून भरतात. देणगीदारही देणगी तशीच पाठवितात. मात्र घाईगर्दीत मोबाइल दुसऱ्याच्या हाती देऊन पिनही सांगितला जातो. उपचारासाठी जमविलेली पुंजी अशाने क्षणात नाहीशी होऊ शकते.

अनेकजण जन्मतारीख हाच संकेतशब्द ठेवतात. परंतु शंभर वर्षांत दिवस सुमारे 36,500 च. संगणक ते सहज तपासतो. त्याऐवजी परस्परांशी संबंध नसलेले चार-पाच शब्द जोडावेत. संकेतशब्दाचे बळ त्याच्या लांबीत असते.

प्रत्येक खात्यास निराळा संकेतशब्द असावा. लिंक्डइनवरून 2012 मध्ये चोरीस गेलेले 11 कोटींहून अधिक संकेतशब्द 2016 मध्ये विक्रीस आले. चोर असे संकेतशब्द इतर खात्यांवरही लावून पाहतात. ई-मेलचा संकेतशब्द विशेष जपावा, कारण इतर खात्यांचे संकेतशब्द बहुधा ई-मेलद्वारेच बदलता येतात. लक्षात राहत नसल्यास ते वहीत लिहून घरी कुलपात ठेवावेत. मोबाइलच्या कव्हरमध्ये नव्हे.

पिन वा ओटीपी कोणासही सांगू नये. फसवणूक झाल्यास संकोच न करता तत्काळ 1930 या राष्ट्रीय मदत क्रमांकावर कळवावे.